सोलर कॅमेरा ट्रेलर

सोलर कॅमेरा ट्रेलर म्हणजे पिकअपच्या मागे हूक लावून ओढत न्यायचा दोन चाकी गाडा, जिथे लाईट नाही, नेट नाही, वॉचमनही बसत नाही अशा जागी नेऊन उभा करायचा. वर खेचायचा साधारण 20 फुटी खांब, टोकाला फिरणारे आणि थर्मल (उष्णतेवरून अंधारातही माणूस दाखवणारे) कॅमेरे, सोबत स्पीकर आणि लुकलुकणारा निळा दिवा, खाली बॅटऱ्यांचा पेटारा आणि पॅनल. अमेरिकेत हे मॉलच्या पार्किंगमध्येही दिसतात, पण खरी गरज सबस्टेशन, पाईपलाईन, सोलर फार्म असल्या गावाबाहेरच्या साईटवर असते.

बहुतेक जण हे विकत न घेता महिन्याच्या भाड्याने घेतात, कारण काम सहा-आठ महिन्यांचं, कुंपण अर्धवट, मीटर यायचाय आणि केबलचे ड्रम मात्र उघड्यावर पडलेत. मे 2024 मध्ये तांबं टनाला 11,000 डॉलरच्या वर गेलं होतं, त्यामुळे चोरांना वेगळं आमंत्रण लागत नाही. (आपल्याकडे डीपीतलं तेल आणि तांबं जातं, तोच प्रकार.) भाड्यात बऱ्याचदा ट्रेलर आणून लावणं, सिमचा डेटा आणि देखरेख हे सगळं धरलेलं असतं, पण देखरेख धरली आहे का ते विचारून घ्यावं, नाहीतर हातात फक्त चोरीचा व्हिडिओ राहतो.

हिशोब सोपा आहे. कॅमेरे, राउटर वगैरे मिळून सतत 60 वॅट खात असतील तर दिवसाला जवळपास दीड युनिट लागतं, 1 किलोवॅटचे पॅनल उन्हाळ्यात ते आरामात देतात, पण हिवाळ्यात उत्तरेकडे ऊन दोनच तास धड मिळालं, त्यात पॅनलवर बर्फ साचला, की बॅटरी खाली यायला लागते, म्हणून तिकडे काही ट्रेलरमध्ये मिथेनॉलपासून वीज बनवणारा फ्युएल सेल किंवा छोटा जनरेटर ठेवतात. आपल्या वापराला किती दिवस ढगाळ चालेल हे भाडं ठरवतानाच विचारायचं.

कॅमेऱ्यात माणूस किंवा गाडी दिसली की सॉफ्टवेअर अलार्म देतं, कंट्रोल रूममध्ये बसलेला ऑपरेटर ते बघतो आणि स्पीकरवरून थेट बोलतो, "लाल जॅकेटवाले, बाहेर व्हा". कपड्याचा रंग सांगितला की समोरच्याला कळतं हे रेकॉर्डिंग नाही, आणि बरेच जण तिथूनच पळतात. अडचण खोट्या अलार्मची, लेन्ससमोर कोळ्याचं जाळं, हलणारं गवत, हरीण. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीने तर 2000 मध्येच नियम केला की घरफोडीचा नुसता अलार्म वाजला म्हणून पोलीस येणार नाहीत, आधी कोणीतरी खात्री करायची. ऑपरेटरने डोळ्यांनी बघितलेलं इथे कामाला येतं.

पण सगळ्यावर हा उपाय नाही. 16 एप्रिल 2013 ला कॅलिफोर्नियातल्या मेटकाफ सबस्टेशनवर हल्लेखोरांनी आधी फोनच्या फायबर केबल कापल्या, मग कुंपणाबाहेरून 100 च्या वर गोळ्या झाडून 17 ट्रान्सफॉर्मर निकामी केले, नुकसान दीड कोटी डॉलरच्या वर. डिसेंबर 2022 मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या मूर काउंटीत दोन सबस्टेशनवर गोळीबार झाला आणि सुमारे 45,000 ग्राहक अंधारात गेले. मोबाईल नेटवर्कवर चालणारा ट्रेलर केबल कापली तरी लगेच आंधळा होत नाही एवढा फायदा, मात्र कॅमेऱ्याचं तोंड कुंपणाच्या आतच असेल तर लांबून नेम धरणारा दिसणार कसा, आणि दिसला तरी गोळी थोडीच थांबते. तिथे भिंतच लागते. मेटकाफनंतर अमेरिकेत महत्त्वाच्या सबस्टेशनांच्या सुरक्षेसाठी सीआयपी-014 हे सक्तीचं मानक आलं.

खांब वर करायच्या आधी चारही जॅक घट्ट टेकवावे लागतात, वारा फार सुटला तर खांब खाली घ्यावा लागतो. आणि हो, चाकं असल्यामुळे हा गाडा स्वतःच चोरीला जाऊ शकतो, म्हणून त्यालाही चाकाचं कुलूप, हूकचं कुलूप आणि आत लपवलेला जीपीएस लावतात.