अ‍ॅनिलीन (नावाची व्युत्पत्ती)

अ‍ॅनिलीन हे रंग, रबर, औषधं अशा सगळ्या धंद्यांत लागणारं रसायन, बेन्झिनच्या (सहा कार्बन अणूंच्या) कड्याला एक अमिनो गट (एक नायट्रोजन, दोन हायड्रोजन) चिकटवला की झालं. ताजं असताना बिनरंगाचं तेलकट द्रव, हवा लागली की तपकिरी पडतं, वास सडक्या मासळीसारखा. नाव मात्र आपल्या निळीवरून आलंय.

संस्कृतातलं नील/नीली फारसीत 'नील' म्हणूनच गेलं, तिथून अरबीत. अरबी लोक नामाआधी 'अल' लावतात, पण पुढे न आला की त्यातला ल सुद्धा न होतो, म्हणून 'अल-नील' न म्हणता 'अन्-नील'. पोर्तुगीज आणि स्पॅनिश लोकांनी ते जोडूनच उचललं आणि 'अनिल' केलं. म्हणजे सुरुवातीचा अ हा अरबी उपपदाचा उरलेला तुकडा आहे, त्याचा आपल्या नकारार्थी अ शी काही संबंध नाही (तसा लावला तर 'अनील' म्हणजे जे निळं नाही ते, आणि अ‍ॅनिलीन खरंच निळं नसतं, पण हा निव्वळ योगायोग!). वाऱ्याच्या अनिलशीही नातं नाही.

गंमत म्हणजे या एकाच पदार्थाचं बारसं चार वेळा झालं. 1826 मध्ये उनफरडॉर्बेनने नीळ तापवून तिच्या वाफेतून तो काढला, त्याचे क्षार छान स्फटिक होतात म्हणून नाव दिलं क्रिस्टलिन. 1834 मध्ये रुंगेला तो दगडी कोळशाच्या डांबरात सापडला, ब्लीचिंग पावडर घातली की निळा-जांभळा रंग यायचा म्हणून ग्रीक 'क्यानोस' म्हणजे निळा यावरून क्यानोल. 1840 ला फ्रिट्शेने निळीवर कॉस्टिक पोटॅशची प्रक्रिया केली आणि नीळ देणाऱ्या झाडाच्या इंडिगोफेरा अनिल या नावावरून अ‍ॅनिलीन म्हटलं. रशियात झिनिनने 1842 मध्ये नायट्रोबेन्झिनपासून बनवलं त्याला बेन्झिडाम. शेवटी 1843 मध्ये हॉफमनने दाखवून दिलं की बाबांनो हे सगळं एकच आहे, आणि टिकलं ते फ्रिट्शेचं नाव.

पुढे हे नाव कंपन्यांच्या पाट्यांवरही चढलं. बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीच्या नावातला ए म्हणजे अनिलिन, आणि फोटोच्या फिल्मवाली आग्फा, तिच्या नावातही तेच. याच बीएएसएफने 1897 मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि बिहार-बंगालच्या निळीच्या शेतीचं कंबरडं मोडलं. आज जीन्सला लागणारी बहुतेक नीळ कारखान्यात बनते, आणि तीही अ‍ॅनिलीनपासूनच.