शिक्षक-अपेक्षा परिणाम

शिक्षक-अपेक्षा परिणाम : एखाद्या विद्यार्थ्याविषयी शिक्षकाने मनाशी बांधलेला अंदाज त्याच्या वागण्यात उतरतो आणि विद्यार्थ्याची शैक्षणिक संपादणूक हळूहळू त्या अंदाजाच्या दिशेने सरकते, अशी प्रक्रिया. हिला ‘पिग्मॅलियन परिणाम’ असेही म्हणतात. कमी अपेक्षेमुळे होणाऱ्या घसरणीसाठी ‘गोलेम परिणाम’ ही संज्ञा 1982 पासून रूढ झाली. शिक्षक-विद्यार्थी संबंधांचा संपादणुकीवर काय परिणाम होतो, या अभ्यासातील ही सर्वांत गाजलेली आणि सर्वांत वादग्रस्त शाखा होय. अध्यापक प्रशिक्षणात हा परिणाम बहुधा सिद्ध नियम म्हणून शिकवला जातो. मूळ पुरावा पाहता इतकी खात्री धरता येत नाही.

पूर्वपीठिका : ‘स्वतःला खरे करणारे भाकीत’ ही कल्पना अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी 1948 मध्ये मांडली. लोक एखादी परिस्थिती खरी मानून वागले, की तिचे परिणामही खरे होतात, हे डब्ल्यू. आय. टॉमस यांचे 1928 मधील सूत्र तिच्यामागे होते. ही कल्पना प्रयोगशाळेत नेण्याचे श्रेय सामान्यतः मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट रोझेन्थाल यांना दिले जाते. त्यांना आरंभी शाळेत रस नव्हता; प्रयोगकर्त्याच्या अपेक्षेमुळे प्रयोगाचा निष्कर्षच झुकतो का, हा त्यांचा प्रश्न होता. 1963 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या व के. फोड यांच्या प्रयोगात विद्यार्थ्यांना साधेच उंदीर देऊन काहींना ‘हे भुलभुलैयात हुशार’, तर काहींना ‘हे मंद’ असे सांगितले होते. ‘हुशार’ ठरवलेले उंदीर खरोखरच सरस ठरले. त्याच वर्षी रोझेन्थाल यांचा लेख वाचून दक्षिण सॅन फ्रान्सिस्कोतील एका प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका लेनोर जेकबसन यांनी त्यांच्याशी पत्रव्यवहार सुरू केला. पुढील प्रयोगाचे बीज या पत्रव्यवहारात आहे. तेव्हा तो केवळ रोझेन्थाल यांच्या नावावर जमा करणे न्याय्य नव्हे.

‘ओक शाळे’तील प्रयोग : शाळेचे हे नाव टोपणनाव आहे. तिच्यात सहा इयत्ता आणि प्रत्येक इयत्तेत जलद, मध्यम व मंद अशा तीन तुकड्या, म्हणजे एकूण 18 वर्ग होते. मे 1964 मध्ये मुलांची एक चाचणी घेण्यात आली. पुढील वर्षभरात कोणाची बुद्धी ‘बहरणार’ हे ती सांगते, असे शिक्षकांना भासवले होते. प्रत्यक्षात ती फ्लॅनागन यांची सर्वसाधारण क्षमता चाचणी होती. तिच्या शाब्दिक भागात कपडा, फूल, पाकीट, सफरचंद आणि पाण्याचा पेला अशी चित्रे दाखवून ‘खाता येईल अशा वस्तूवर खडूने खूण कर’ असे सांगत. तर्काच्या भागात चार चौकोन व एक वर्तुळ यांतून वेगळे काय ते ओळखायचे असे. नंतर सुमारे 20 टक्के मुले यादृच्छिक पद्धतीने निवडली गेली आणि नव्या वर्षाच्या आरंभी प्रत्येक शिक्षकाला एक ते नऊ नावांची यादी देण्यात आली. तीही शिक्षकांच्या बैठकीत, जाता जाता सांगितल्यासारखी. यादीतील व यादीबाहेरील मुलांत फरक होता तो केवळ शिक्षकाच्या मनात.

वर्षअखेर, मे 1965 मध्ये, यादीतील 65 मुलांचा बुद्ध्यंक सरासरी 12.2 गुणांनी वाढला, तर नियंत्रित गटातील, म्हणजे यादीबाहेरील, 255 मुलांचा 8.4 गुणांनी. चार गुणांहूनही कमी असलेला हा फरक बराचसा खालच्या दोन इयत्तांमुळे होता. पहिलीत वाढ 27.4 विरुद्ध 12.0, तर दुसरीत 16.5 विरुद्ध 7.0 अशी होती. तिसरीपासून पुढे नाव घेण्याजोगा फरक दिसला नाही. पहिलीच्या प्रायोगिक गटात अवघी सात मुले होती. ही बाब दुय्यम लेखनात सहसा गाळली जाते. आणखी एक निष्कर्षही उपेक्षित राहिला. यादीत नसूनही प्रगती करणाऱ्या मुलांकडे, विशेषतः मंद तुकडीतल्यांकडे, शिक्षकांनी अनुकूल नजरेने पाहिले नाही. अपेक्षा नसताना पुढे जाणारे मूल शिक्षकाला खटकते, असा त्याचा अर्थ लावता येतो. पण इतक्या लहान नमुन्यावर भार न टाकणे बरे.

वाद : 1968 मध्ये हा प्रयोग ग्रंथरूपाने येताच वृत्तपत्रांनी तो उचलून धरला आणि मापनशास्त्रज्ञांनी त्यावर टीकेची झोड उठवली. रॉबर्ट एल. थॉर्नडाइक यांचा आक्षेप सर्वांत मर्मभेदी होता. सर्वांत लहान वयोगटासाठी चाचणीचे प्रमाणीकरणच पुरेसे नव्हते. त्यामुळे पहिलीतील मुलांचा तर्क-बुद्ध्यंक पूर्वचाचणीत सरासरी 58, तर एका तुकडीचा 31 इतका भरला होता. चालत्याबोलत्या, शाळेत येणाऱ्या मुलांच्या अख्ख्या वर्गाचा बुद्ध्यंक 31 असूच शकत नाही. जेनेट एलाशॉफ व रिचर्ड स्नो यांनी 1971 मध्ये आकडेवारीचे पुनर्विश्लेषण केले आणि परिणाम सिद्ध होत नसल्याचे मत दिले. त्याआधी, 1969 मध्ये, क्लेबोर्न यांना तसाच प्रयोग करून परिणाम आढळला नव्हता. यावर रोझेन्थाल यांचे उत्तर असे, की चाचणी कच्ची असली तरी दोन्ही गटांसाठी ती तितकीच कच्ची होती, आणि निवड यादृच्छिक असल्याने गटांतील फरक केवळ मापनदोषाने समजावता येत नाही. हे उत्तर तर्कशुद्ध आहे; मात्र सात मुलांच्या गटात यादृच्छिकतेचे संरक्षण तोकडे पडते, हेही खरे.

हा वाद पुष्कळसा मिटवला तो स्टीफन रॉडनबुश यांच्या 1984 मधील पश्चात्-विश्लेषणाने, म्हणजे अनेक अभ्यासांच्या निष्कर्षांच्या एकत्रित विश्लेषणाने. त्यांनी 18 प्रयोग एकत्र करून एकच प्रश्न विचारला : यादी हाती पडण्यापूर्वी शिक्षक त्या मुलांना किती दिवस ओळखत होते? ओळख नवी असेल तेथे परिणाम दिसतो. दोन आठवड्यांहून जुनी असेल तेथे तो शून्याजवळ येतो. ज्याला आपण रोज वर्गात पाहतो त्या मुलाविषयीचे बाहेरचे भाकीत शिक्षक मनावर घेत नाही. परस्परविरोधी भासणारे निष्कर्ष या एका निकषाने जुळतात, म्हणून येथे याच मताला झुकते माप दिले आहे. ली जसिम व केंट हार्बर यांच्या 2005 मधील समीक्षेनेही सामान्य वर्गातील परिणाम खरा पण लहान ठरवला. शिक्षकांच्या अपेक्षा बऱ्याच अंशी अचूकच असतात, म्हणजे त्या संपादणूक घडवण्यापेक्षा ओळखतात अधिक, असे त्यांचे प्रतिपादन आहे. समाजात ज्यांना आधीच कमी लेखले जाते त्या गटांतील मुलांवर परिणाम मोठा असू शकतो, ही त्यांची पुस्ती भारतीय वाचकाने विशेष लक्षात घ्यावी.

अपेक्षा पोहोचते कशी : रोझेन्थाल यांनी वातावरण, आशय, प्रतिसादाची संधी व प्रत्याभरण (मुलाच्या उत्तरावर शिक्षकाने दिलेली प्रतिक्रिया) असे चार मार्ग सुचवले. जेअर ब्रॉफी व टॉमस गुड यांनी 1970 मध्ये पहिलीच्या वर्गांत बसून केलेल्या नोंदींत दिसले, की अडखळलेल्या ‘हुशार’ मुलाला शिक्षक पुन्हा संधी देतात, तर ‘कच्च्या’ मुलाचा प्रश्न दुसऱ्याकडे सरकवतात. मेरी बड रो यांनी प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक किती वेळ थांबतात तेच मोजले. वर्गातील वरच्या पाच मुलांसाठी ते सुमारे दोन सेकंद, तर खालच्या पाच मुलांसाठी एक सेकंदाहूनही कमी थांबत. ज्याला विचार करायला जास्त वेळ लागतो त्यालाच कमी वेळ मिळे. हा थांबा तीन सेकंदांवर नेला की उत्तरे लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलतात, असे त्यांना आढळले.

रे रिस्ट यांचे 1970 मधील निरीक्षण याहून अस्वस्थ करणारे आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीय मुलांच्या एका शाळेत बालवर्गाच्या शिक्षिकेने आठव्या दिवशी मुलांना तीन टेबलांवर कायमचे बसवले. कोणतीही चाचणी झाली नव्हती. कपडे, अंगाचा वास, बोलण्याची धाटणी आणि घरची स्थिती एवढ्यावर वाटणी झाली. दुसरीतही बहुतेक मुले त्याच उतरंडीत राहिली. फक्त आता गटांना नावे होती : ‘वाघ’, ‘कार्डिनल’ (एक पक्षी) आणि ‘विदूषक’.

संबंधांचे मापन : अपेक्षेऐवजी प्रत्यक्ष नाते मोजणारी दुसरी परंपरा जॉन बोल्बी यांच्या आसक्ती-सिद्धांतातून, म्हणजे मूल व त्याला सांभाळणारी व्यक्ती यांच्यातील भावनिक बंधाविषयीच्या सिद्धांतातून, आली. रॉबर्ट पियांटा यांची 28 विधानांची श्रेणी शिक्षकाकडून भरून घेतली जाते व जवळीक, संघर्ष आणि अवलंबन यांचे मापन करते. ब्रिजेट हाम्रे व पियांटा यांनी 2001 मध्ये बालवर्गातील नकारात्मक संबंध आठवीपर्यंतच्या कामगिरीशी निगडित असल्याचे दाखवले. डेबोरा रोर्डा व सहकाऱ्यांनी 2011 मध्ये 99 अभ्यास एकत्र केले. संबंधांचा दुवा अभ्यासातील गुंतवणुकीशी अधिक आणि गुणांशी त्याहून क्षीण आढळला. बिघडलेल्या संबंधांचा परिणाम माध्यमिकपेक्षा प्राथमिक शाळेत तीव्र होता. यातील बहुतेक पुरावा सहसंबंधात्मक आहे. अभ्यासात पुढे असलेले मूल शिक्षकाला आवडते, ही उलटी दिशाही तितकीच संभवनीय असते.

भारतातील स्थिती : शिक्षक व विद्यार्थी यांच्यातील सामाजिक अंतराचा प्रश्न महाराष्ट्रात या संशोधनाच्या फार आधी उपस्थित झाला होता. जोतीराव फुले यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढील निवेदनात प्राथमिक शाळांसाठी शेतकरी वर्गातून प्रशिक्षित शिक्षक नेमण्याची मागणी केली. असे शिक्षक मुलांत मोकळेपणाने मिसळतील व त्यांच्या गरजा जाणतील, सोवळेओवळे पाळणारा ब्राह्मण शिक्षक अलिप्त राहतो, असे कारण त्यांनी दिले. आजच्या भाषेत हे चाचणीयोग्य गृहीतक आहे. गीता किंग्डन व शेनिला रावल यांनी उत्तर प्रदेश-बिहारमधील माहितीवरून 2010 मध्ये ते जवळपास त्याच स्वरूपात तपासले. शिक्षक व विद्यार्थी यांची जात, धर्म वा लिंग जुळते तेथे संपादणूक काहीशी उंचावते, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

अपेक्षेच्या प्रश्नाला अधिक जवळचा प्रयोग रेमा हॅना व ली लिंडन यांचा (2012). उत्तरपत्रिकांच्या मुखपृष्ठांवर मुलांची जात, लिंग व वय यादृच्छिकपणे लिहून त्या शिक्षकांकडून तपासून घेतल्या. ‘खालच्या’ जातीची नोंद असलेल्या उत्तरपत्रिकेला 0.03 ते 0.08 प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती विखुरले आहेत याचे माप) इतके कमी गुण मिळाले. विशेष म्हणजे हा कल तथाकथित खालच्या जातींतील परीक्षकांत दिसला, उच्चजातीयांत नाही. या निष्कर्षावरून घाईने काही सिद्ध करू नये. कार्ला हॉफ व प्रियांका पांडे यांच्या उत्तर प्रदेशातील प्रयोगात भुलभुलैयाची कोडी सोडवण्यापूर्वी मुलांची जात सर्वांसमक्ष पुकारली, तेव्हा दलित मुलांची कामगिरी लक्षणीय घसरली. न पुकारता ती इतर मुलांच्या बरोबरीची होती. येथे शिक्षक नव्हताच. हजेरीपटावरून आडनावे मोठ्याने वाचण्याची रीत मात्र आपल्या शाळांत रोजची आहे.

मुंबई व वडोदरा येथील ‘बालसखी’ उपक्रमाचे मूल्यमापन (बॅनर्जी, कोल, डफ्लो व लिंडन, 2007) अनेकदा या संदर्भात उद्धृत होते. ‘प्रथम’ संस्थेच्या या कार्यक्रमात वस्तीतीलच एक तरुणी मागे पडलेल्या तिसरी-चौथीच्या 15 ते 20 मुलांना शाळेच्या वेळातच सुमारे दोन तास वेगळे बसवून मूलभूत वाचन व अंकगणित शिकवी. पहिल्या वर्षी गुण 0.14, तर दुसऱ्या वर्षी 0.28 प्रमाण विचलनाने वाढले. या वाढीत बालसखीच्या जवळिकीचा वाटा किती, लहान गटाचा किती आणि मुलाच्या पातळीवरून शिकवण्याचा किती, हे प्रयोगाच्या रचनेतून वेगळे काढता येत नाही. संशोधकांनी भर दिला तो शेवटच्या घटकावर.