प्वाझय प्रवाह (श्यान द्रवाचे नळीतून वाहणे)

लांब, सरळ आणि गोल नळीतून एखादा श्यान द्रव संथपणे, एका लयीत वाहतो तेव्हा त्या वाहण्याला प्वाझय प्रवाह म्हणतात. नळीच्या दोन टोकांच्या दाबांतला फरक, नळीची लांबी, तिची आतली त्रिज्या आणि द्रवाची श्यानता एवढ्या चार गोष्टी कळल्या की दर सेकंदाला किती द्रव बाहेर पडेल ते सांगता येते. हे सांगणारा नियम म्हणजे प्वाझयचा, किंवा दोन्ही संशोधकांना मान देऊन म्हणायचे तर हागेन-प्वाझय नियम. आपल्याकडच्या वर्गांत हे नाव सर्रास ‘पॉइझुली’ असे ऐकू येते; मूळ फ्रेंच उच्चार ‘प्वाझय’च्या जवळचा आहे.

नियम असा :

प्रवाह = (पाय × दाबातील फरक × त्रिज्येचा चौथा घात) ÷ (८ × श्यानता × लांबी)

दाब दुप्पट केला तर प्रवाह दुप्पट होतो. नळी दुप्पट लांब केली तर तो निम्म्यावर येतो. इथवर काही नवल नाही. त्रिज्या दुप्पट केली की मात्र प्रवाह एकदम सोळापट होतो, आणि त्रिज्या नुसती दहा टक्क्यांनी घटली तरी प्रवाहाचा तिसरा हिस्सा जातो. या विषयात समजून घेण्यासारखे जे आहे ते बहुतेक या चौथ्या घाताभोवतीच आहे.

श्यानतेसाठी मराठीत ‘विष्यंदिता’ असाही शब्द वापरतात. बोलताना आपण ‘दाट’ किंवा ‘घट्ट’ म्हणतो आणि तिथेच घोटाळा होतो. शेंगदाण्याचे तेल पाण्यावर तरंगते, म्हणजे त्याची घनता पाण्याहून कमी. तरी ते पाण्यापेक्षा कितीतरी सावकाश वाहते, म्हणजे त्याची श्यानता जास्त. श्यानता म्हणजे द्रवाचा एक थर शेजारच्या थरावरून सरकताना होणारा अंतर्गत विरोध. तिचे एकक पास्कल-सेकंद. जुन्या पद्धतीतले एकक प्वाझ, आणि दहा प्वाझ म्हणजे एक पास्कल-सेकंद. २० अंश सेल्सिअसला पाण्याची श्यानता जवळजवळ नेमकी एक सेंटिप्वाझ असते. त्याच तापमानाला एरंडेलाची श्यानता पाण्याच्या जवळपास हजारपट आहे. तापमान वाढले की द्रवांची श्यानता झपाट्याने उतरते. थंडीच्या सकाळी काकवीची बरणी वाकडी केली तर धार सुटायला वेळ लागतो. तीच बरणी थोडा वेळ गरम पाण्यात ठेवली की धार बारीक आणि सलग पडते. बरणी तीच आणि काकवीचे वजनही तेच, बदलली ती फक्त श्यानता.

चौथा घात कुठून येतो

पाठ्यपुस्तकात इथे समाकलन येते आणि विद्यार्थी ते पाठ करतात. पण आकडेमोड न करताही ही गोष्ट समजते, आणि तशी समजली तरच ती मनात टिकते.

नळीच्या मध्यावर, द्रवाच्या आतच, एक लहानसा दंडगोल कल्पावा. मागून येणारा दाब त्याला पुढे ढकलतो. हे बल दंडगोलाच्या तोंडाच्या क्षेत्रफळावर, म्हणजे त्रिज्येच्या वर्गावर ठरते. त्याला मागे ओढतो तो बाजूच्या थरांचा विरोध. तो दंडगोलाच्या कडेच्या पृष्ठभागावर, म्हणजे नुसत्या त्रिज्येवर आणि थराथरांतल्या वेगाच्या फरकावर ठरतो. प्रवाह एका लयीत चालला आहे, म्हणजे ही दोन्ही बले सारखी असली पाहिजेत. तेव्हा मध्यापासून जितके दूर जावे तितका थराथरांतला वेगाचा फरक त्याच प्रमाणात वाढत जातो. नळीच्या भिंतीला टेकलेला थर तर हलतच नाही. हे सगळे जुळवले की वेगाचा आलेख अन्वस्ताचा (पॅराबोलाचा) निघतो : कडेला शून्य, मध्यावर सर्वांत जास्त, आणि मध्यावरचा वेग सरासरी वेगाच्या बरोबर दुप्पट.

आता नळी रुंद केली तर दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. द्रवाला जायला जागा वाढते, ती त्रिज्येच्या वर्गाने. आणि रोखून धरणारी भिंत मध्यापासून लांब गेल्याने द्रव अधिक वेगाने जाऊ लागतो. हा वेगही त्रिज्येच्या वर्गानेच वाढतो. वर्ग गुणिले वर्ग, म्हणून चौथा घात. हे एकदा पटले की सूत्र विसरले तरी पुन्हा उभे करता येते.

दोन माणसे, दोन नळ्या

झाँ लेओनार प्वाझय (१७९७–१८६९) हा पॅरिसचा वैद्यक शिकलेला शरीरक्रियाशास्त्रज्ञ. त्याला पाण्याच्या नळांशी काही देणेघेणे नव्हते. केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त कसे वाहते हा त्याचा प्रश्न होता. १८२८ मधल्या प्रबंधासाठी त्याने पाऱ्याच्या वक्र नळीने प्राण्यांच्या धमन्यांमधला रक्तदाब मोजला होता. पुढे बेडकाच्या केशवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना रक्तपेशी मध्यातून वेगाने आणि कडेने रेंगाळत जातात, आणि अगदी भिंतीलगत नुसत्या रक्तद्रवाचा पातळ थर असतो, हे त्याच्या ध्यानात आले. रक्त शरीराबाहेर काढले की गोठते, म्हणून मोजमापासाठी त्याने पाणी घेतले आणि रक्तवाहिनीच्या जागी काचेच्या केशनळ्या. त्यांतल्या सर्वांत बारीक नळीचा व्यास मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी होता.

हे काम किती चिकाटीचे होते ते आज ध्यानात येत नाही. काचेची नळी कधी नेमकी गोल नसते आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखीही नसते. प्वाझयने दोन्ही टोकांचे छेद सूक्ष्मदर्शकाखाली मोजले आणि लंबगोल छेदाचा हिशेब धरला. नळी पाण्यात बुडवून तापमान स्थिर राखले आणि एकच नळी तोडून आखूड करत करत प्रत्येक लांबीला मापे घेतली. फार आखूड नळीला नियम लागू पडत नाही हेही त्याने पाहिले. पाणी नळीत शिरल्यावर वेगाचा अन्वस्त तयार व्हायला काही अंतर लागते, हे त्याचे कारण. १८४० च्या सुमारास त्याने निष्कर्ष मांडले. सविस्तर प्रबंध १८४६ मध्ये छापून झाला. त्याच्या सूत्रात ‘श्यानता’ हा शब्द नाही. तापमानानुसार बदलणारा एक गुणांक आहे, बस.

त्याच वेळी, प्वाझयच्या कामाची काही कल्पना नसताना, गॉटहिल्फ हागेन या जर्मन जलअभियंत्याने पितळेच्या तीन नळ्या घेऊन हेच काम केले आणि १८३९ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच्या मापांतून घात ४.१२ निघाला. मापनातल्या चुका पाहता तो ४ च असावा असे त्याने ठरवले, आणि ते खरे ठरले. म्हणून नियमाच्या नावात दोघेही आहेत.

नियम प्रयोगातून हाती आला, पण तो सिद्धांतातून निघाला तो नंतर. ते सहज आधी घडू शकले असते. जॉर्ज स्टोक्सने १८४५ मध्ये श्यान द्रवाची समीकरणे मांडली तेव्हा नळीतल्या प्रवाहाचे गणितही केले होते. पण भिंतीला टेकलेला द्रव खरोखर थांबलेला असतो का, याविषयी त्याला खात्री नव्हती. त्याने आपले उत्तर मोठ्या नळांवरच्या जुन्या फ्रेंच मापांशी ताडून पाहिले, ते जुळेना. जुळणार तरी कसे? त्या नळांतले पाणी संथ नव्हतेच, ते घुसळत वाहत होते. पुढे १८६० च्या सुमारास एडुआर्ड हागेनबाख आणि फ्रान्झ नॉयमान यांच्याकडून सूत्राची सैद्धांतिक मांडणी पुरी झाली.

नियम कुठे थांबतो

संथ आणि घुसळता या दोन अवस्थांतला फरक ऑस्बर्न रेनल्ड्सने १८८३ मध्ये मँचेस्टरला डोळ्यांना दाखवला. काचेच्या टाकीत कर्ण्यासारख्या तोंडाची काचेची नळी, आणि तिच्या तोंडाशी सोडलेली रंगाची बारीक धार. पाणी सावकाश जात असेपर्यंत रंगाची रेघ नळीभर दोऱ्यासारखी सरळ राहते. वेग वाढवत नेला की एका टप्प्यावर ती थरथरते आणि क्षणात सगळ्या पाण्यात रंग पसरतो. पहिली अवस्था स्तरीय प्रवाहाची, दुसरी संक्षोभी प्रवाहाची.

कोणती अवस्था येणार हे वेग, व्यास आणि घनता यांच्या गुणाकाराला श्यानतेने भागून मिळणाऱ्या अंकावर ठरते; हाच रेनल्ड्स अंक. तो २,००० च्या खाली असला तर आलेला खळबळाट आपोआप विरतो. त्याच्या वर तो टिकू शकतो, पण टिकलाच पाहिजे असे नाही. अतिशय निवांत ठेवलेल्या पाण्यात खुद्द रेनल्ड्सने १२,००० च्या आसपासही रेघ सरळ ठेवली होती. संक्षोभ कायम टिकण्याची सीमा २,०४० च्या जवळ आहे हे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी दाखवले, म्हणजे प्रश्न विचारल्यापासून सव्वाशे वर्षांहून अधिक काळाने.

याचा व्यवहारातला अर्थ नीट ध्यानात ठेवायला हवा, कारण इथे शिकणारे हमखास चुकतात. १५ मिलिमीटर व्यासाच्या घरगुती पाइपातून मिनिटाला १० लिटर पाणी जात असेल तर रेनल्ड्स अंक १४,००० च्या घरात जातो. तिथे प्वाझयचा नियम लावला तर उत्तर साफ चुकते. अशा प्रवाहात व्यास दुप्पट केल्यावर पाणी सोळापट मिळत नाही, साधारण सहापट मिळते. म्हणजे हा नियम एक तर बारीक नळ्यांचा, नाही तर जाड, चिवट द्रवांचा.

प्रयोगशाळेतली केशनळी

महाराष्ट्रातल्या बी.एस्सी.च्या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हा प्रयोग केला आहे. पाण्याची पातळी स्थिर ठेवणारी टाकी, आडवी बसवलेली केशनळी, खाली मोजपात्र आणि हातात थांबते घड्याळ. टोकाशी पाणी मागे ओघळू नये म्हणून तिथे थोडे व्हॅसलीन लावतात. पातळी बदलत जाऊन दर वेळी ठरावीक वेळात जमलेले पाणी मोजायचे आणि उंची विरुद्ध प्रवाह असा आलेख काढायचा. आलेख आरंभबिंदूतून जाणारी सरळ रेषा आली की प्रयोग जमला. उंची फार वाढवली तर रेषा वाकू लागते. ती वाकलेली टोके खोडून टाकण्याचा मोह होतो. खरे तर नियमाची हद्द तिथेच दिसत असते.

या प्रयोगाचा खरा कस त्रिज्येत लागतो. त्रिज्येत एक टक्का चूक म्हणजे उत्तरात चार टक्के. सूक्ष्मदर्शकाने फक्त टोकाचा व्यास कळतो. त्यापेक्षा नळीत पारा भरून त्याची लांबी आणि वजन घेतले तर आतल्या पोकळीची सरासरी त्रिज्या मिळते. ती वजनाच्या वर्गमुळातून येत असल्याने वजनातली चूकही अर्धीच उतरते. वेळ थोडा जास्त जातो, पण तो सत्कारणी लागतो.

शेतात, दवाखान्यात, वाळवंटात

ठिबक सिंचनाची साधी मायक्रोट्यूब म्हणजे शेतात पसरलेली प्वाझयची केशनळीच. आतून १ मिलिमीटर व्यासाच्या, १ मीटर लांबीच्या नळीतून २० अंशाच्या पाण्याचे ताशी २ लिटर हवे असतील तर सुमारे २.३ मीटर उंचीच्या पाण्याइतका दाब लागतो. रेनल्ड्स अंक इथे ७०० च्या आसपास राहतो, म्हणजे नियम चोख लागू आहे. आता क्षारांचा थर बसून व्यास ०.९ मिलिमीटर झाला तर तोच दाब ताशी १.३ लिटरच देतो. नळी उघडून पाहिली तर डोळ्यांना ती मोकळीच वाटेल. क्षाराच्या पाण्यावर चालणाऱ्या संचाला वेळच्या वेळी आम्ल प्रक्रिया का करायची, याचे उत्तर या चौथ्या घातात आहे. उलट, उन्हात काळी लॅटरल (पिकाच्या ओळीलगत टाकलेली नळी) तापून पाणी ४० अंशांवर गेले तर श्यानता उतरते आणि प्रवाह दीडपट होतो. ड्रीपरमध्ये, म्हणजे थेंब सोडणाऱ्या तोटीत, नागमोडी वाट ठेवून पाणी मुद्दाम घुसळतात, त्याने श्यानतेवरचे, म्हणजेच तापमानावरचे हे अवलंबन बरेचसे जाते.

साखर कारखान्यात मळी हलवायला दंतचक्री पंप आणि ऐसपैस पाइप लागतात. राजस्थानात बाडमेरजवळच्या मंगला क्षेत्रातले मेणयुक्त कच्चे तेल तर नेहमीच्या तापमानाला थिजते. ते गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत नेणारी सुमारे ६७० किलोमीटरची वाहिनी सबंध लांबीभर तापवलेली आणि उष्णतारोधक वेष्टनात गुंडाळलेली आहे. थिजू लागलेल्या अशा तेलाला साधा नियम लागत नाही. त्याची श्यानता वेगानुसार बदलते, टूथपेस्टची किंवा रंगाची बदलते तशी.

दवाखान्यात रक्तस्राव होत असलेल्या रुग्णाला जाड आणि आखूड कॅन्युला (शिरेत घालायची नळी) लावतात ते याच हिशेबाने. १८ क्रमांकाच्या हिरव्या कॅन्युलातून मिनिटाला ९० मिलिलिटरच्या आसपास सलाईन जाऊ शकते, तर त्याहून बारीक अशा २२ क्रमांकाच्या निळ्यातून ३५ च्या आसपास. निव्वळ चौथ्या घाताने फरक याहून मोठा यायला हवा. पण जाड कॅन्युला लांबीनेही जास्त असते आणि इतक्या आखूड नळीत अन्वस्त पुरता तयार होत नाही. शरीर स्वतःही हीच युक्ती वापरते. बारीक धमनिकांच्या भिंतींतले स्नायू किंचित आवळले की त्या अवयवाचा रक्तपुरवठा मोठ्या प्रमाणात कमी होतो.

आणि रक्त? ज्याच्यासाठी प्वाझयने हे सारे केले ते रक्त त्याच्या नियमात पुरते बसत नाही. रोबिन फोरेयुस आणि टोर्स्टेन लिंडक्विस्ट या स्वीडिश शास्त्रज्ञांनी १९३१ मध्ये दाखवले की नळीचा व्यास ०.३ मिलिमीटरच्या खाली गेला की रक्ताची भासमान श्यानता कमी होत जाते. तांबड्या पेशी नळीच्या मध्याकडे सरकतात आणि भिंतीलगत नुसत्या रक्तद्रवाचा पातळ थर उरतो. बेडकाच्या केशवाहिन्यांत प्वाझयने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता तोच हा थर.