पाऊस पळवणारा वारा येतो कुठून?

ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. सोयाबीन सोंगून वावरात गंजी लागलेली असते, कपाशीची बोंडं फुटायला लागलेली असतात. दुपारी चारच्या सुमारास पश्चिमेला काळा ढग उभा राहतो, गडगडतो. अचानक गार वारा सुटतो, धुळीने डोळे भरतात आणि मग चार थेंब टपकून सगळं शांत होतं. संध्याकाळी कळतं की आठ-दहा किलोमीटरवरच्या गावात नाला भरून वाहिला. पारावर निकाल लागलेलाच असतो: "वाऱ्यानं पाणी पयवलं."

यातलं निरीक्षण पक्कं आहे. वारा आला आणि पाऊस दुसरीकडे गेला, हे दोन्ही खरंच घडलं. पण तो वारा कुठून तरी बाहेरून येऊन ढगाला ढकलत नाही. तो त्याच ढगातून, पडणाऱ्या पावसातूनच जन्मलेला असतो. परतीच्या पावसातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट हीच. ती समजली की एका शिवारात पाणी आणि शेजारच्या शिवारात कोरडं असं का होतं, याचा उलगडा होऊ लागतो.

आधी पार्श्वभूमी. नैर्ऋत्य मोसमी वारे १७ सप्टेंबरच्या सुमारास राजस्थानच्या पश्चिम टोकातून माघार घेऊ लागतात आणि विदर्भातून साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात निघून जातात. त्यांच्या मागोमाग वायव्येकडून कोरडी हवा खाली उतरते. त्याच दिवसांत बंगालच्या उपसागरात कमी दाबाची क्षेत्रं तयार होत असतात आणि त्यांच्यामुळे पूर्व-आग्नेयेकडून बाष्पाने भरलेली हवा तेलंगणा, छत्तीसगडमार्गे आपल्याकडे ढकलली जाते. या दोन हवा विदर्भाच्या डोक्यावर समोरासमोर येतात. हवामान खात्याच्या पत्रकात 'वाऱ्यांची खंडितता' किंवा 'द्रोणीय रेषा' असे शब्द येतात, ते बहुतेक वेळा याच सीमेबद्दल असतात.

युरोप-अमेरिकेत अशा सीमेला आघाडी म्हणतात. पहिल्या महायुद्धानंतर नॉर्वेतल्या बर्गेन शहरात ही कल्पना पुढे आली. तिथली आघाडी मुख्यतः तापमानाची असते: ध्रुवाकडची थंड हवा एका बाजूला, उष्ण हवा दुसऱ्या बाजूला. आपल्या ऑक्टोबरमधल्या सीमेवर तापमानाचा फरक किरकोळ असतो, खरा फरक बाष्पाचा. म्हणून तिला त्या अर्थाने आघाडी म्हणणं बरोबर नाही, पण काम ती बरंचसं तेच करते. दोन दिशांचे वारे एका रेषेवर भिडले की हवेला बाजूला जायला जागा उरत नाही आणि ती वर जाते. त्यामुळे उपग्रहाच्या चित्रात अशा दुपारी अकोला-वाशीमपासून यवतमाळ-चंद्रपूरपर्यंत ढगांची तिरकी माळ दिसू शकते.

"लय उकडते, आज पाणी येईन" हाही एक लाडका समज. उकाडा म्हणजे हवेत बाष्प आहे, एवढ्यापुरता तो कामाचा. पण नुसत्या उष्णतेने पाऊस पडत असता तर मे महिन्यात ४५ अंशांवर तापणाऱ्या चंद्रपुरात रोज नदीला पूर आला असता. बाष्प हवं, आणि ते वर उचलणारं काहीतरी हवं. दुपारी तापमान ३३ अंश आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं तो) २२ अंश असेल, तर जमिनीजवळची हवा सुमारे १,४०० मीटर वर नेल्यावर तिच्यातल्या बाष्पाचे थेंब होऊन ढग बनू लागतो. मात्र मधे अनेकदा वायव्येच्या उबदार, कोरड्या हवेचा थर अडसर होऊन बसलेला असतो. तो दिवसभर ढगांची डोकी दाबून धरतो. दुपारनंतर सीमेवरचा रेटा आणि जमिनीची तापणूक मिळून कुठेतरी तो थर फुटतो. ज्या हवेला वर जायचं होतं पण जाता येत नव्हतं, ती तासाभरात बारा-पंधरा किलोमीटर उंचीपर्यंत धडकते.

आता तो गार वारा.

ढगातून थेंब खाली पडू लागतात तेव्हा ते कोरड्या हवेतून जातात. वाटेत काही थेंबांची वाफ होते, आणि वाफ व्हायला लागणारी उष्णता ते भोवतालच्या हवेतूनच घेतात. अकोल्या-नागपुरातला कूलर याच तत्त्वावर चालतो; हवा जितकी कोरडी तितका तो चांगला गारवा देतो. एक किलो हवेत एक ग्रॅम पाण्याची वाफ झाली तर ती हवा सुमारे अडीच अंशांनी गार होते. जमिनीलगतच्या एका घनमीटर हवेचं वजन एक किलोहून थोडं जास्त असतं. म्हणजे घनमीटरमागे दोन-तीन ग्रॅम पाणी उडालं तरी तापमान चार ते साडेसहा अंशांनी उतरतं. गार हवा जड असते. ती खाली कोसळते, पडणाऱ्या थेंबांचं ओझं तिला आणखी खाली ओढतं, आणि जमिनीवर आपटली की चारी दिशांना पसरते. वायव्येची जी कोरडी हवा पावसाची वैरी वाटते, तीच या गारव्याला इतकी ताकद देते.

ढगाच्या आत एकाच वेळी वर जाणारा आणि खाली येणारा असे दोन प्रवाह असतात, हे नीट मोजलं गेलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर. अमेरिकेत १९४६ मध्ये फ्लोरिडात आणि १९४७ मध्ये ओहायोत लढाऊ विमानं मुद्दाम गडगडाटी ढगांतून आरपार नेण्यात आली. होरेस बायर्स आणि रॉस्को ब्रॅहम या हवामानशास्त्रज्ञांनी त्यातून ढगाच्या आयुष्याचे तीन टप्पे मांडले: वाढीचा, जेव्हा फक्त वर जाणारा प्रवाह असतो, भराचा, जेव्हा दोन्ही असतात, आणि उताराचा, जेव्हा फक्त खाली येणारा उरतो. एकट्या ढगाचं हे सगळं आयुष्य साधारण अर्ध्या ते एका तासाचं.

पसरणारी गार हवा किती वेगाने धावते, याचा अंदाज शाळेतल्या गणिताने काढता येतो. ती भोवतालच्या हवेपेक्षा सहा अंशांनी गार धरू. हवेचं तापमान केल्विनमध्ये सुमारे ३००, म्हणजे ती दोन टक्के जड झाली. तिच्या थराची उंची एक किलोमीटर धरू. गुरुत्वाकर्षणाचा आकडा ९.८, त्याला ०.०२ ने गुणा, मग १,००० ने गुणा: १९६. याचं वर्गमूळ १४. म्हणजे सेकंदाला १४ मीटर, तासाला ५० किलोमीटर. जमिनीचं घर्षण आणि समोरचा वारा यांमुळे प्रत्यक्ष वेग कमीजास्त होतो, पण गंजीवरची ताडपत्री उडवायला एवढा पुरतो.

हा गार थर पुढे सरकताना समोरच्या उबदार, दमट हवेखाली शिरतो आणि तिला वर उचलतो. जिथे उचलतो तिथे नवा ढग. पण गार हवा फार वेगाने धावली तर ती आपल्याच ढगाच्या पुढे निघून जाते, ढगाला खालून मिळणारं बाष्प तोडते आणि तो ढग मरतो. आपल्या गावावर वारा आला, पाऊस आला नाही आणि पुढच्या गावावर धो-धो कोसळला, तेव्हा अनेकदा हेच झालेलं असतं. जुन्या ढगाची रसद त्याच्याच वाऱ्याने तोडली, आणि त्याच वाऱ्याने पुढे नवा ढग उभा केला.

मग काही ढगांच्या रांगा तासन्‌तास टिकतात, त्या कशा? १९८८ मध्ये रोटुनो, क्लेम्प आणि वाइसमन या तीन हवामानशास्त्रज्ञांनी याचं एक सुंदर उत्तर दिलं. गार थराच्या पूर्वेकडच्या कडेवर हवा गरगरत असते: तळाशी पूर्वेकडे, माथ्यावर पश्चिमेकडे. हे गरगरणं एकटंच असेल तर वर जाणारी हवा मागे, गार थरावर कलंडते आणि ढग दुबळा राहतो. आता ऑक्टोबरमधले आपले वारे पाहा. खाली पूर्वेचा, वर पाच-सहा किलोमीटरवर पश्चिमेचा. या वाऱ्यांतलं गरगरणं बरोबर उलट्या दिशेचं. दोन्ही तुल्यबळ झाली की एकमेकांना काटतात आणि हवा सरळ उभी वर जाते. ढग ताठ, खोल आणि दमदार होतो. हे साधतं ते गार थराच्या पूर्वेच्या कडेवर, कारण दमट वारा तिथेच समोरून येऊन भिडतो. म्हणून अशा दिवशी बाष्प पूर्वेकडून येत असूनही पावसाची रांग बुलढाण्याकडून अमरावती-वर्ध्याकडे सरकताना दिसते.

आपल्या आजोबांना हे गणित माहीत नव्हतं, पण हस्त नक्षत्रात, म्हणजे साधारण २७ सप्टेंबर ते १० ऑक्टोबरच्या काळात, गडगडाटी पाऊस येतो हे त्यांना ठाऊक होतं. ते ज्ञान खरं आहे, कारण सूर्याचं नक्षत्र म्हणजे वर्षातला ऋतूचा टप्पा. पण पंचांग पाहून म्हणतात ते 'यंदा हत्तीचं (म्हणजे हस्ताचं) वाहन बेडूक, म्हणून पाऊस भरपूर', याला कसलाच आधार नाही. वाहन नक्षत्रांच्या बेरीज-भागाकारातून निघतं; त्यात बाष्प नाही, वारा नाही. तेवढीच हानी अलीकडे मोबाइलवर फिरणारे 'ढगफुटी'चे इशारे करतात. ढगफुटी म्हणजे एका लहान क्षेत्रात एका तासात १०० मिलिमीटर किंवा जास्त पाऊस. प्रत्येक जोरदार सरीला तो शब्द चिकटवला की खऱ्या इशाऱ्याकडेही लोक पाठ फिरवतात.

हवामान खात्याच्या 'तुरळक ठिकाणी पाऊस' या शब्दांची तर गावोगाव टिंगल होते. त्याचा अर्थ ठरलेला आहे: क्षेत्रातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस. त्यापुढे 'काही ठिकाणी' म्हणजे ५० टक्क्यांपर्यंत. मला हे शब्द प्रामाणिक वाटतात. दोन हवांची सीमा उद्या कुठल्या जिल्ह्यांवर असेल, हे आदल्या दिवशी बऱ्यापैकी सांगता येतं. पण पहिला ढग कुठे फुटेल, त्याचा गार वारा कुठवर धावेल आणि दुसऱ्या ढगाच्या वाऱ्याला कुठे भिडेल, यावर गाव ठरतं. पुण्याच्या आयआयटीएम (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था) या संस्थेने घडवलेली आणि मे २०२५ मध्ये सुरू झालेली भारत फोरकास्ट सिस्टिम ही संगणकावरची अंदाज-प्रणाली देशाचा नकाशा सहा किलोमीटरच्या चौकटींत पाहते. गार वाऱ्याची पुढची कड जेमतेम किलोमीटरभर रुंद असते. चौकटीपेक्षा बारीक गोष्ट गणितात थेट दिसत नाही.

रडारला मात्र ती दिसू शकते. नागपूरला डॉप्लर रडार आहे. गार वाऱ्याच्या कडेवर धूळ आणि किडे गोळा होतात, त्यांच्यावरून लहरी परततात आणि रडारच्या चित्रात पावसाच्या पुढे एक बारीक कमानदार रेघ उमटते. अशा दोन रेघा जिथे भेटतात तिथे थोड्याच वेळात नवा ढग उभा राहण्याची शक्यता बरीच वाढते. अशा खुणांवरूनच पुढच्या तीन तासांपर्यंतचा तात्कालिक अंदाज दिला जातो. ऑक्टोबरमध्ये मळणी, वेचणी ठरवताना आठवड्याच्या अंदाजाइतकाच हा पाहायला हवा.

यातली जिवाची गोष्ट अशी की गार वारा सुटला आणि पाऊस अजून पडत नाही, त्याच मिनिटांत सगळं घर गंजी झाकायला वावरात धावतं. वीज त्या वेळी पावसाची वाट पाहत नाही; ढगापासून दहा किलोमीटरवरही ती पडू शकते. देशात वीज पडून अलीकडे वर्षाला अडीच हजारांहून जास्त माणसं मरतात, आणि त्यांत शेतात काम करणारी मोठ्या संख्येने असतात. चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागले की विजेचं अंतर किलोमीटरमध्ये मिळतं, पण गडगडाट ऐकू आला याचाच अर्थ आपण तिच्या पल्ल्यात आहोत. तेव्हा ताडपत्री सकाळीच गंजीवर बांधून ठेवावी. 'दामिनी' हे आयआयटीएमचं मोफत ॲप जवळपास पडणाऱ्या विजा दाखवतं. गार झुळूक अंगावर आली की धुऱ्यावरच्या झाडाखाली न थांबता पक्क्या घरात जावं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच राहावं.