पावसाळ्यात ई-रोड बाईकला मडगार्ड कोणतं घ्यावं?

(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

मे महिना संपत आला की दुकानात विचारणा सुरू होते, "रोड बाईकला बसेल असं मागचं मडगार्ड आहे का?" मागचंच का, तर पाठीवर चिखलाची पट्टी उमटते, बॅग भिजते, ऑफिसात पोचेपर्यंत शर्टाची वाट लागते. मागणी रास्तच आहे. पण तुमची रोड बाईक बॅटरीवर चालणारी असेल, तर आधी पुढचं मडगार्ड बघा, मग मागच्याकडे वळा. शर्ट धुऊन निघतो. मोटरच्या कनेक्टरमध्ये शिरलेला चिखल सहजासहजी निघत नाही, आणि त्या दुरुस्तीचा खर्च दोन्ही मडगार्डांच्या किमतीपेक्षा बराच जास्त येतो.

पाणी उडतं कुठे

आपल्याकडे मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर सायकलला नोंदणी लागत नाही. बहुतेक ई-रोड बाईकची मोटर त्याच सुमारास मदत थांबवते. या वेगाला टायरवरून सुटणारं पाणी सेकंदाला जवळजवळ ७ मीटर वेगाने निघतं. पुढच्या चाकाच्या मागच्या बाजूला टायर खालून वर येत असतो, म्हणून पाणी मागे आणि वर फेकलं जातं. चाकाच्या मध्याच्या उंचीवरून सुटलेलं पाणी जवळपास सरळ वर जातं, तर अगदी खालून सुटलेलं पाणी रस्त्यालगतच मागे निघून जातं.

म्हणून पुढच्या मडगार्डचं खालचं टोक जमिनीपासून किती उंचीवर संपतं, यावर सगळं अवलंबून आहे. बाजारात मिळणारी बरीच मडगार्डं जमिनीपासून वीतभर वरच संपतात. त्या वीतभर मोकळ्या जागेतून सुटणारं पाणी तुमच्या बुटांवर, डाऊन ट्यूबवर (हँडलखालून पेडलकडे उतरणारी जाड नळी) आणि पेडलच्या दांड्याजवळच्या भागावर आदळतं.

साध्या सायकलीत त्या जागी एक बेअरिंग असतं, तेही बदलता येतं. ई-रोड बाईकमध्ये मात्र डाऊन ट्यूबच्या पोटात बॅटरी असते. चार्जिंगचा पोर्ट बऱ्याच मॉडेलांत पेडलच्या जरा वर, रबरी झाकणाखाली असतो. मोटर मधोमध असेल तर ती स्वतःच तिथे असते, आणि मागच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मध्यभागी, असेल तर तिची वायर तिथूनच फ्रेममध्ये शिरते. थोडक्यात, सायकलीतलं सगळ्यात महाग सामान पुढच्या चाकाच्या फवाऱ्यासमोर बसवलेलं आहे.

"पण कंपनीने वॉटरप्रूफ म्हटलंय की!" असं ग्राहक म्हणतात. माहितीपुस्तिकेत 'आयपीएक्स४' लिहिलेलं असेल, तर त्याचा अर्थ कुठल्याही बाजूने उडालेले शिंतोडे सोसतील एवढाच. पाण्यात बुडवणं त्यात बसत नाही आणि रोज तासभर चालणारा वाळूमिश्रित फवाराही बसत नाही. शिवाय आपल्या रस्त्यावर साचतं ते नुसतं पाणी नसतं. त्यात खोदकामाची माती, खडीची कच, सिमेंटची भुकटी आणि डिझेलचा तवंग असतो. पाणी वाळून जातं, कच मात्र रबरी झाकणाच्या कडेला बसते. मग झाकण नीट मिटत नाही, आणि पुढच्या पावसात पाण्याला वाट मिळते.

फ्लॅप

आमच्या मते या सगळ्या खरेदीतली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगाची वस्तू म्हणजे पुढच्या मडगार्डला खाली लावलेला रबरी फ्लॅप. जुन्या काळ्या सायकलींना तो कारखान्यातूनच लावून यायचा. रोड बाईकच्या मडगार्डला बहुधा नसतो, आणि असला तरी बोटभर लांबीचा.

फ्लॅपचं टोक जमिनीपासून ५ ते ७ सेंटीमीटरवर यायला हवं. एवढ्या खाली आणलं की त्याखालून सुटणारं बरंचसं पाणी पेडलच्या दांड्याच्या उंचीलाच किंवा त्याखालून निघून जातं. १० सेंटीमीटर वर ठेवलं तर चार्जिंग पोर्टचा भाग पुन्हा फवाऱ्यात येतो. फ्लॅपची रुंदी खालच्या बाजूला मडगार्डपेक्षा थोडी जास्त ठेवावी, कारण वळणावर पाणी कडेने निसटतं.

फ्लॅप मऊ रबराचाच असू द्या, कडक प्लास्टिकचा नको. पुण्यातल्या गतिरोधकांचा काही नेम नाही. रुंद, गोलाई दिलेल्या गतिरोधकावर फ्लॅप टेकतही नाही. पण सोसायटीच्या दारातल्या अरुंद, उभ्या पट्ट्यांवर घासतोच. मऊ रबर वाकतं आणि पुन्हा सरळ होतं. कडक प्लास्टिक अडकलं तर मडगार्डच मागे ढकललं जातं. आम्ही रबराच्या शीटमधून सायकलच्या मापाने फ्लॅप कापून देतो आणि दोन बोल्टवर लावतो. एका बोल्टवर लावलेला फ्लॅप हळूहळू तिरका होतो आणि टायरला घासायला लागतो.

बसेल का, हे घरीच बघा

रोड बाईकची मुख्य अडचण जागेची आहे. फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, आणि टायर यांच्यात मोकळी जागाच कमी असते. मोजायला फूटपट्टी लागत नाही, ॲलन कीचा (षटकोनी किल्ल्यांचा) संच पुरतो. टायरमध्ये नेहमीएवढी हवा भरा. पुढचा टायर आणि फोर्कची वरची कमान यांच्यामध्ये १० मिलिमीटरची ॲलन की आडवी सरकवून बघा. मागे ब्रेकच्या पुलाजवळ (चाकावरची आडवी नळी) आणि पेडलच्या दांड्यामागे, जिथे फ्रेमच्या दोन नळ्या जवळ येतात, तिथेही हेच करा.

१० ची की सहज गेली, तर पूर्ण लांबीचं मडगार्ड बसतं. त्यातले ३ ते ४ मिलिमीटर मडगार्डची जाडी आणि बोल्टचं डोकं खातं, आणि टायरला निदान ६ मिलिमीटर मोकळे राहतात. फक्त ८ ची जात असेल तर गुळगुळीत डांबरी रस्त्यापुरतं चालेल, पण खडा अडकून घासल्याचा आवाज अधूनमधून येणार, हे धरून चला. ६ ची जेमतेम जात असेल तर कमानीखालून जाणारं मडगार्ड घेऊच नका. कमानीच्या पुढे एक आणि मागे एक असे दोन तुकड्यांत बसणारे प्रकार मिळतात. थोडं पाणी मधून निसटतं, पण मागचा तुकडा लांब असेल आणि त्याला फ्लॅप असेल तर आपलं मुख्य काम भागतं.

मडगार्डची रुंदी टायरपेक्षा निदान ८ ते १० मिलिमीटर जास्त हवी. टायरवर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. २८ मिलिमीटरचा टायर रुंद रिमवर चढवला की प्रत्यक्षात ३० भरू शकतो. आणि पावसाळ्यासाठी टायर बदलायचा विचार असेल, जो ओल्या रस्त्यावर चांगलाच आहे, तर आधी टायर बदला आणि मग मडगार्डचं माप घ्या. उलट क्रमाने गेलं तर बहुधा दोनदा खर्च होतो.

उंची कमी असणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. लहान फ्रेमच्या सायकलीत हँडल वळवल्यावर बुटाचं टोक पुढच्या चाकाजवळ येतं. मडगार्ड बसवलं की ते अंतर आणखी कमी होतं. दुकानात उभ्या उभ्या हँडल दोन्ही बाजूंना वळवून, पेडल पुढे घेऊन बघा. चालत्या वेगात हँडल इतकं वळत नाही, पण सिग्नलला गाड्यांमधून वाट काढताना वळतं.

पुढच्या तारांची क्लिप

याबाबतीत आम्ही कुणाचंच ऐकत नाही. पुढच्या मडगार्डला आधार देणाऱ्या तारा फोर्कला जिथे जोडतात, तिथे दाब आल्यावर आपोआप सुटणारी क्लिप असलीच पाहिजे. पावसाळ्यात झाडांच्या फांद्या पडलेल्या असतात. एखादी काटकी टायरसोबत वर गेली आणि मडगार्डमध्ये अडकली, तर मडगार्ड दुमडून चाकात जातं, पुढचं चाक जागच्या जागी थांबतं आणि स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. क्लिप असेल तर तार सुटते आणि मडगार्ड बाजूला सरकतं. क्लिप नसलेलं पुढचं मडगार्ड आम्ही रोड बाईकला बसवून देत नाही, ग्राहकाने बाहेरून आणलेलं असलं तरी.

फोर्क कार्बनचा असेल आणि त्याला मडगार्डसाठी भोकं नसतील, तर त्याला भोक पाडायचं नाही आणि धातूचा पट्टाही आवळायचा नाही. अशा फोर्कला रबरी पट्ट्याने बसणारं हलकं मडगार्ड चालतं.

मागच्या हबमध्ये मोटर असेल तर

अशा सायकलीचं मागचं मडगार्ड बसवताना दोन जागी काळजी घ्यावी लागते. पहिली जागा म्हणजे चाकाचा दांडा. मोटरचा दांडा फिरू नये म्हणून तिथे खास वॉशर असतात. मडगार्डची तार त्या वॉशरच्या खाली किंवा दांड्याच्या नटाखाली अडकवू नका. नट पूर्ण बसत नाही, आणि मोटरच्या जोराने दांडा जागेवरच फिरला तर वायर पिळून तुटते. तार फ्रेमवरच्या वेगळ्या भोकातच जोडावी. भोक नसेल तर सीटपोस्टला (सीटखालच्या दांड्याला) किंवा वरच्या नळ्यांना धरणारा प्रकार घ्यावा.

दुसरी जागा म्हणजे मोटरची वायर. दांड्यातून बाहेर आल्यावर ती आधी थोडी खाली वळलेली हवी आणि मग फ्रेमकडे वर गेलेली. म्हणजे वायरवरून ओघळलेला थेंब त्या खालच्या वळणावरच गळून पडतो, दांड्यात शिरत नाही. मडगार्डच्या तारेला झिप टायने बांधताना ही वायर ओढून सरळ केली जाते, नीटनेटकं दिसावं म्हणून. कृपया तसं करू नका. शिवाय पंक्चर काढायला मागचं चाक उतरवायचं तर वायरचा कनेक्टर सोडावा लागतो. तो मडगार्डच्या तारेमागे दडला तर ताम्हिणीच्या पावसात रस्त्याकडेला फार हाल होतात.

ज्या मॉडेलांत वेग मोजायला सेन्सर आणि लोहचुंबक असतं, तिथे मडगार्डची तार त्या दोघांमध्ये येत नाही ना, हे चाक फिरवून बघावं. सेन्सर हलला की मोटरची मदत मधूनच तुटते, आणि दोष बॅटरीवर जातो.

मागचं मडगार्ड

नुसत्या सीटपोस्टला लावायचं छोटं मडगार्ड पाठ वाचवतं, बाकी फारसं काही नाही. ऑफिसला जाण्यायेण्यापुरतं ठीक. रविवारी पहाटे सिंहगडाकडे किंवा पौड, मुळशीकडे ग्रुपने जाणार असाल, तर मागचं मडगार्ड लांब आणि फ्लॅप लावलेलं घ्या. तुमच्या मागच्या चाकाचं पाणी थेट मागच्या माणसाच्या तोंडावर जातं, तेही खडीच्या कचीसकट.

प्लास्टिक की ॲल्युमिनियम, याचा फार खल करू नये. दोन्ही टिकतात. प्लास्टिक हलकं असतं आणि आवाज कमी करतं. ॲल्युमिनियम आकार धरून राहतं, पण बोल्ट ढिले झाले की खडखडतं. लोखंडाचं नको.

काळ्या मातीच्या शेतरस्त्यांवर मात्र कोणतंही मडगार्ड उपयोगाचं नाही. चिकट चिखल टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये साचतो आणि चाक फिरेनासं होतं. तिकडे जायचं असेल तर मडगार्ड काढून ठेवा, किंवा पावसाळ्यात तो रस्ताच टाळा.

पावसातून आल्यावर

खडकवासल्यातून विसर्ग सुरू झाला की भिडे पूल आणि नदीपात्रातला रस्ता पाण्याखाली जातो. सखल भागात एरवीही पाणी साचतं. पाणी चाकाच्या मधल्या दांड्यापर्यंत येत असेल तर मोटर बंद करून खाली उतरा आणि दुसरी वाट धरा. तिथे मडगार्डचा काही उपयोग नाही.

घरी आल्यावर सायकलवर साध्या नळाचं पाणी हलक्या हाताने सोडा. सर्व्हिस स्टेशनचा जोराचा फवारा मोटरवर, हबवर किंवा चार्जिंग पोर्टवर कधीही मारू नका. मडगार्डच्या आतल्या बाजूला साचलेला चिखल बोटाने काढून टाका. चार्जिंग पोर्टचं झाकण उघडून कोरड्या फडक्याने पुसा, कड बघा, कच असेल तर जुन्या टूथब्रशने झाडा, आणि पूर्ण कोरडं झाल्याशिवाय चार्जर लावू नका.

माप घ्यायला सायकल दुकानात घेऊन या. नुसता फोटो पाठवून मडगार्ड ठरत नाही. मापाचे आम्ही पैसे घेत नाही. पाऊस पुण्यात साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पोचतो आणि तेव्हा गर्दी होते, म्हणून मे महिन्यात आलात तर फ्लॅप निवांतपणे कापता येतो. बसवल्यानंतर आठवडाभर चालवून सायकल पुन्हा एकदा दाखवा. नवीन बोल्ट खड्ड्यांनी ढिले होतात, ते आवळून आणि तारांची उंची पुन्हा जुळवून देतो.