छातीत भरून आलं आणि आम्ही फोनला विचारलं

चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) दुसऱ्या दिवशी पहाटे चारच्या सुमारास माझ्या काकांना जाग आली. छातीत भरून आल्यासारखं वाटत होतं. आदल्या दिवशी खतखतं, पातोळ्या, नेवऱ्या सगळं पोटभर झालेलं. काकीने ओव्याचं पाणी दिलं. चुलतभावाने फोनवर ‘जेवणानंतर छातीत गॅस’ असं लिहून शोधलं आणि पित्त, अपचन, गॅस यांचीच माहिती पुढे आली. घरातल्या सगळ्यांना हायसं वाटलं. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावातून आरोग्य केंद्र गाडीने दहा मिनिटांवर आहे. आम्ही तिथे पोचलो साडेआठला. ईसीजी काढल्यावर कळलं, हृदयविकाराचा झटका होता.

काका वाचले. पण हृदयाच्या स्नायूचा एक भाग कायमचा दुबळा झाला, तो इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, अजून दिसतो.

त्या पहाटे फोनने खोटं काही सांगितलं नव्हतं. आम्ही ‘गॅस’ विचारला, त्याने गॅसची माहिती दिली. निदान आम्ही आधीच करून ठेवलं होतं आणि ते प्रश्नात घालून फोनच्या हाती दिलं होतं. डॉक्टर उलट्या बाजूने येतात. कधी सुरू झालं, बसल्याजागी की चालताना, जबड्याकडे किंवा हाताकडे जातं का, घाम आला का, साखर आहे का? आपल्या भाषेत दुखण्याला किती शब्द आहेत: कळ, चमक, ठणका, जळजळ, दडपण, आवळल्यासारखं, भरून येणं. टोचल्यासारखी चमक आणि छातीवर कुणी बसल्यासारखं दडपण यांतला फरक डॉक्टरांना फार उपयोगी पडतो. शोधताना मात्र आपण हे सारं टाकून एक ठोकळेबाज शब्द लिहितो.

याच्या उलटही घडतं. मायक्रोसॉफ्टचे संशोधक रायन व्हाइट आणि एरिक हॉर्विट्झ यांनी 2008 च्या सुमारास लोकांच्या आरोग्यविषयक शोधांचा अभ्यास केला. साध्या लक्षणापासून सुरुवात केलेली माणसं पाहता पाहता गंभीर आजारांच्या पानांवर पोचत होती. डोकेदुखी शोधणाऱ्याला मेंदूतल्या गाठीविषयी भरपूर वाचायला मिळतं, कारण त्या गाठीवर लिहिलं गेलंय भरपूर. प्रत्यक्षात डोकेदुखीच्या बहुतेक रुग्णांना अशी गाठ नसते. एखादा आजार किती जणांना होतो आणि त्यावर किती पानं लिहिली गेली आहेत, या दोन गोष्टींचा संबंध नाही. ताण, अपुरी झोप, सकाळचा चुकलेला चहा ही कारणं मागे पडतात आणि घाबरलेला माणूस नको त्या तपासण्या मागू लागतो. भीती आणि खोटा दिलासा ही मला एकाच दोषाची दोन रूपं वाटतात: उत्तर शब्दांना मिळतं, समोरच्या शरीराला नाही.

गोव्यात या दिलाशाचा धोका जास्त आहे. त्याला कारण मधुमेह. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळलं, 26.4 टक्के. म्हणजे वीस वर्षांवरच्या दर चार माणसांत एकाहून थोडे अधिक. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की मज्जातंतू बोथट होतात, त्यात हृदयाकडून वेदना कळवणारेही आले. मग झटका आला तरी छातीत कळ येईलच असं नाही. दम लागतो, मळमळतं, अंगाला घाम सुटतो, विलक्षण थकवा येतो. बायकांमध्येही अशी लक्षणं बऱ्याचदा दिसतात. काकांना बारा वर्षं मधुमेह आहे. चुलतभावाने शोधताना तो लिहिला नाही, कारण त्याचा इथे काही संबंध असेल हे घरात कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

झटक्यात नेमकं काय होतं? हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीत गुठळी अडकते आणि पलीकडचा स्नायू उपाशी पडतो. अर्ध्या तासाच्या आसपास पेशी मरायला लागतात आणि पुढच्या काही तासांत नुकसान पसरत जातं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जितकं लवकर, तितका जास्त स्नायू वाचतो. यासाठी गोव्यात सरकारची ‘स्टेमी’ योजना आहे. गावाकडच्या केंद्रात काढलेला ईसीजी बांबोळीला गोमेकॉतल्या (गोवा मेडिकल कॉलेजातल्या) हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवला जातो. त्यांनी निदान पक्कं केलं की इंजेक्शन तिथेच देता येतं आणि मग रुग्णाला पुढे हलवतात. आमच्या राज्यासाठी ही फार मोलाची सोय आहे, आणि तिचा पुरता उपयोग करून घेणं रुग्ण दारात किती लवकर पोचतो यावर अवलंबून आहे. (पहिला ईसीजी चांगला आला म्हणून लगेच घरी परतायची घाई करू नये. काही झटके त्यात सुरुवातीला दिसत नाहीत. थोड्या वेळाने पुन्हा ईसीजी काढावा लागतो, हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या ट्रोपोनिनची तपासणीही करतात.)

आम्ही थांबलो ते केवळ फोनमुळे नव्हे. काका म्हणाले होते, ‘चवथीच्या दिवसांत घर सोडून कुठे जायचं? गॅसच निघाला तर लोक हसतील.’ हा संकोच मी आमच्या वाड्यावर अनेकदा पाहिला आहे. कुणाला त्रास नको, 108 ला उगाच कशाला बोलवायचं. पण दहा जण तपासायला गेले आणि नऊ जणांचा गॅस निघाला, तर त्यात कुणाचंच काही चुकलं नाही. घरी बसून हे वेगळं ओळखता येत नाही, म्हणून तर ईसीजीचं यंत्र तिथे ठेवलेलं असतं.

काका फोनवर अजूनही शोधतात, आता मात्र वेगळं. गोळ्यांची नावं, त्या जेवणाआधी की नंतर, कुठल्या पदार्थात मीठ किती. जे समजत नाही ते भिंतीवरच्या कालनिर्णयावर पुढच्या तपासणीच्या तारखेखाली लिहून ठेवतात. परवा गेलो तेव्हा तिथे तीन प्रश्न होते. शेवटचा काकीच्या अक्षरात होता: ‘जिना चढताना मला दम लागतो, ते विचारायचं.’