सहाव्या जागेवरचं व्हॅलिन

१९ जून हा जागतिक सिकलसेल दिन. त्या आठवड्यात विदर्भातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक संदेश हमखास फिरतो: सिकलसेल म्हणजे रक्त कमी असणं, तेव्हा बीट खा, डाळिंब खा, गूळ-शेंगदाणे खा, हिमोग्लोबिन वाढेल. पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणारा हा आनुवंशिक आजार लोह कमी पडल्यामुळे होत नाही. उलट ज्यांना वारंवार रक्त चढवावं लागतं, त्यांच्या शरीरात लोह साचत जातं आणि ते काढायला वेगळी औषधं द्यावी लागतात. खरी गडबड अशी, की हिमोग्लोबिनचा एक रेणू शेजारच्या रेणूला नको तिथे चिकटतो. नेमका कुठे, हे अमिनो आम्लाच्या (प्रथिनाची साखळी ज्या मण्यांची ओवलेली असते, त्यातल्या एका मण्याच्या) क्रमांकासकट सांगता येतं.

हिमोग्लोबिनच्या एका रेणूत चार साखळ्या असतात. दोन अल्फा, प्रत्येकी १४१ अमिनो आम्लांच्या आणि दोन बीटा, प्रत्येकी १४६ अमिनो आम्लांच्या. सिकलसेलमध्ये बीटा साखळीत ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं, हे जीवरसायनशास्त्रज्ञ व्हर्नन इनग्रॅम यांनी केंब्रिजमध्ये १९५६-५७ च्या सुमारास दाखवलं. ती जागा सहावी. (अलीकडच्या जनुकीय अहवालात कधीकधी 'सातवी' असं छापून येतं. तिथे साखळी तयार होताना सुरुवातीला असणारं आणि नंतर छाटलं जाणारं मेथिओनिनही मोजलेलं असतं. आजार तोच.) १४६ पैकी १४५ जागा जशाच्या तशा, एक बदललेली. तेवढ्याने तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी का व्हावी? नुसता क्रम वाचून याचं उत्तर मिळत नाही. त्यासाठी कोण कोणाला टेकलं आहे, हे बघावं लागतं.

हे बघण्याची रीत ऐकायला भारी वाटते, पण पाया शाळेतला आहे. स्फटिकावर क्ष-किरण टाकून प्रथिनाची रचना काढली की ती पीडीबी नावाच्या जागतिक संग्रहात जमा होते. १९७१ पासून चालू असलेल्या या संग्रहातली कुठलीही फाइल कुणालाही फुकट उतरवून घेता येते. उघडली की आकड्यांच्या हजारो ओळी दिसतात. एका ओळीत एक अणू: तो कुठल्या साखळीतल्या कितव्या अमिनो आम्लाचा, आणि त्याचे तीन निर्देशांक. दोन अणूंमधलं अंतर काढायला पायथागोरसचा नियम पुरतो. हायड्रोजन सोडून इतर दोन अणू साधारण ४ ते ४.५ अँगस्ट्रॉमच्या आत असले, तर त्या दोन अमिनो आम्लांमध्ये संपर्क आहे असं धरतात. अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. काही जण प्रत्येक अमिनो आम्लाचा एकच ठरावीक कार्बन घेतात आणि मर्यादा ८ अँगस्ट्रॉम ठेवतात. ही मर्यादा निसर्गाने आखून दिलेली नाही, माणसाने सोयीसाठी ठरवली आहे. ती अर्ध्या अँगस्ट्रॉमने हलवली की यादीत नावं वाढतात किंवा गळतात. म्हणून मर्यादा न सांगता नुसती रंगीत चित्रं दाखवणाऱ्यांवर मी फारसा विश्वास ठेवत नाही.

साखळीत पाचवं आणि सहावं एकमेकांना लागून असणारच, तेव्हा असे शेजारी यादीतून काढून टाकतात. उरतात ते क्रमाने लांब असूनही घडीमुळे जवळ आलेले, किंवा वेगवेगळ्या साखळ्यांतले. त्यातले बरेचसे संपर्क कामाचे असतात. बीटा साखळीतलं १४६ क्रमांकाचं हिस्टिडिन ऑक्सिजन नसताना ९४ क्रमांकाच्या ॲस्पार्टिक आम्लाला धरून बसतं आणि ऑक्सिजन आला की सोडतं. हिमोग्लोबिन फुप्फुसात ऑक्सिजन घेतं आणि स्नायूत तो देऊन टाकतं, त्यात या पकडीचाही हात आहे.

आता सिकलसेलच्या हिमोग्लोबिनची फाइल. १९९७ साली २.०५ अँगस्ट्रॉम इतक्या बारकाईने काढलेली ही रचना पीडीबीत '२एचबीएस' या खुणेने आहे. त्यातलं सहाव्या जागेवरचं व्हॅलिन घ्यायचं आणि शेजारच्या वेगळ्या रेणूतलं काय काय त्याच्या आसपास आहे, याची यादी करायची. नावं निघतात ती त्या रेणूच्या बीटा साखळीतली: ८५ वं फेनिलॲलानिन, ८८ वं ल्युसिन आणि जवळच ७० वं ॲलानिन. तिन्ही तेलकट स्वभावाची, पाण्यापासून अंग चोरणारी. व्हॅलिनही त्याच जातीचं, त्यामुळे ते त्यांच्यामधल्या खळग्यात जाऊन बसतं, आणि असे रेणू एकमेकांना जोडले जाऊन धागे बनतात. मूळचं ग्लुटामिक आम्ल विद्युतभारित असतं, पाण्यात सुखाने राहतं, या खळग्याशी त्याचं काही देणंघेणं नसतं.

इथे एक गोष्ट नजरेतून सुटते. तो खळगा आजाराने तयार केलेला नाही. ८५ आणि ८८ या जागा तुमच्या-माझ्या हिमोग्लोबिनमध्येही तशाच आहेत. फक्त तिथे बसणारं कुणी नव्हतं. याचा पुरावा हिमोग्लोबिन-सी या दुसऱ्या एका प्रकारात मिळतो. त्यात त्याच सहाव्या जागेवर लायसिन असतं. लायसिनही भारित, ते खळग्यात बसत नाही, आणि सिकलसेलसारखे धागे होत नाहीत. दुसरा पुरावा त्याहून गमतीचा. याच सांध्यात चौथ्या जागेवरचं थ्रिओनिन पलीकडच्या ७३ व्या ॲस्पार्टिक आम्लाला हायड्रोजन बंधाने धरतं. हिमोग्लोबिन सी-हार्लेम या प्रकारात सहाव्या जागी व्हॅलिन आहेच, पण ७३ वी जागाही बदललेली आहे. त्यात धागे जमायला बरंच अवघड जातं. मुख्य संपर्काच्या बाजूचा एक आधार निसटला तरी इतका फरक पडतो.

ऑक्सिजन सुटला की हिमोग्लोबिनची दोन अर्धुकं एकमेकांच्या तुलनेत सुमारे १५ अंश फिरतात, आणि त्या ठेवणीतच रेणू एकमेकांत नीट बसतात. रेणूंच्या दुहेरी ओळी होतात, अशा सात जोड्या मिळून १४ ओळींचा पीळदार धागा बनतो. तो ताठ असतो, पेशीला आतून ताणतो.

पण धागा लगेच बनत नाही, आणि माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. मोजके रेणू चिकटले तर ते पुन्हा सुटतात, कारण एकेक संपर्क तसा दुबळा. पुरेसे रेणू एकदम जमले तरच गठ्ठा टिकतो, आणि मग मात्र धागे भराभर वाढतात, जुन्या धाग्याच्या अंगावर नवे फुटतात. पाक साखरतो तेव्हा हेच होतं: बराच वेळ काही दिसत नाही, आणि एकदा पहिला कण धरला की सगळं पातेलं रवाळ. या थांबण्याच्या काळाला विलंबकाळ म्हणू. विल्यम ईटन आणि जेम्स हॉफ्रिक्टर या अमेरिकेतल्या संशोधकांनी तो मोजला, तर तो हिमोग्लोबिनच्या तीव्रतेच्या (म्हणजे द्रावणात ते किती दाट आहे, त्याच्या) जवळजवळ तिसाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात निघाला. दुसरा घात नाही, तिसरा नाही, तिसावा! पेशीतलं पाणी कमी होऊन तीव्रता ५ टक्के वाढली तर १.०५ चा तिसावा घात, म्हणजे धागे चौपटीहून लवकर. १० टक्के वाढली तर सतरा पट लवकर. तांबडी पेशी केशवाहिनीतून साधारण सेकंदभरात पार होते आणि फुप्फुसात जाऊन पुन्हा ऑक्सिजन घेते. विलंबकाळ या फेरीपेक्षा मोठा असेल तर पेशी वाकायच्या आत सुटते. लहान असेल तर ती वाटेतच अडकते, मागच्याही अडकतात, आणि हाडं, पाठ, पोट ठणकू लागतं.

म्हणजे 'भरपूर पाणी प्या' हा डॉक्टरांचा साधा वाटणारा सल्ला तिसाव्या घातावर उभा आहे. ताप, जुलाब, उन्हातली मजुरी यानंतर दुखणं का उठतं, तेही यातून कळतं. दुखणं अचानक येतं आणि अचानक जातं म्हणून त्याला बाहेरची बाधा समजून भगताकडे नेतात. त्या खेपेत मूल उपाशीतापाशी, पाण्याविना राहतं आणि विलंबकाळ आणखी घटतो. एएस पॅटर्नच्या वाहकाच्या (ज्याला आई-वडिलांपैकी एकाकडून साधं आणि दुसऱ्याकडून सिकलसेलचं जनुक मिळालं, त्याच्या) पेशीत निम्म्याहून जास्त हिमोग्लोबिन साधं असल्यामुळे त्याचा विलंबकाळ खूप मोठा राहतो. त्याला रोगी समजून लग्न मोडायचं कारण नाही. दोघंही एएस असतील तर मात्र प्रत्येक गरोदरपणात एसएस, म्हणजे दोन्हीकडून सिकलसेलचं जनुक मिळून आजारी होणाऱ्या मुलाची शक्यता २५ टक्के, म्हणून तपासणी आधी झालेली बरी.

संपर्क कळला की औषध हातात आलं, असं मात्र नाही. हिमोग्लोबिनला ऑक्सिजन धरलेल्या ठेवणीत रोखणारं व्हॉक्सेलोटर हे औषध २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. कागदावर कल्पना सुरेख. सप्टेंबर २०२४ मध्ये फायद्यापेक्षा धोका जास्त दिसल्याने कंपनीने ते जगभरातून मागे घेतलं.

जास्त टिकाऊ निघाली ती गर्भावस्थेतल्या हिमोग्लोबिनची वाट. एसएस बाळाला पहिले काही महिने त्रास होत नाही, कारण त्याच्या रक्तात बीटाऐवजी गॅमा साखळी भरपूर असते. गॅमामध्ये ८७ व्या जागी बीटासारखं थ्रिओनिन नसून ग्लुटामिन आहे. ८७, म्हणजे ८५ आणि ८८ च्या मध्ये, खळग्याच्या ऐन काठावर, त्यामुळे व्हॅलिनला तिथे नीट बसता येत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने सिकलसेलसाठी दोन जनुकीय उपचार एकाच दिवशी मंजूर केले. त्यातल्या एकात रुग्णाला जे नवं बीटा जनुक देतात, त्यात मुद्दाम ८७ व्या जागी ग्लुटामिन बसवलेलं आहे. मंजुरीच्या वेळी त्याची जाहीर किंमत ३१ लाख डॉलर होती.

हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल त्यापुढे फारच स्वस्त. ती मोठ्या वयातही गॅमा साखळीचं प्रमाण वाढवते आणि विलंबकाळ लांबवते. डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायची आणि ठरावीक काळाने रक्त तपासायचं, कारण तिने पांढऱ्या पेशीही कमी होऊ शकतात.